पत्र्याच्या शेडमधली झीरो वन

"कोण हाय तो कंट्रोलर? आत्ताच्या आत्ता उभा करा त्याला माझ्यासमोर!"

सोनटक्के सर ओरडत होते. सर ओरडले की लातूरच्या गंजगोलाई बाजारातली कबुतरं उडतात, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल हा माणूस फेकतो. फेकत असेन थोडंफार. पण त्या रविवारी कबुतरं उडाली होती, हे मला गोलाईतल्या एका कापडवाल्यानं स्वतः सांगितलं, आणि कापडवाला कशाला खोटं बोलेल?

सरांच्या क्लासची पत्र्याची लांबलचक शेड. आत ओळीनं मांडलेले कॉम्प्युटर, प्रत्येकापुढं एक बारावीचं पोरगं. खिडक्यांना बाहेरून चिकटलेले आईबाप. अन् तीन-चार पडद्यांवर इंग्रजीत एकच मजकूर, ज्याचा अर्थ असा, की डोमेन कंट्रोलर डाऊन आहे, किंवा उपलब्ध नाही, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरचं खातं सापडत नाही.

"डाऊन हाय म्हणजे? आजारी हाय का? रजा कुणी दिली त्याला?" सर माझ्याकडं वळले. "काळे, तुम्ही दिली?"

"सर, तो माणूस न्हाई. मशीन हाय. तुमच्या केबिनमधे टेबलाखाली ठेवलंय. तुम्ही ज्यावर पाय ठेवून बसता ते."

सरांचा आवाज एकदम खाली आला. "मी सकाळपासून पाय ठेवलेला न्हाई हां त्याच्यावर."

आता तुम्हाला माझा धंदा समजावून सांगायला पाहिजे, कारण तीस वर्षं झाली तरी माझ्या सासऱ्यांना तो समजलेला नाही. ते अजून लोकांना सांगतात, "जावई टीव्ही दुरुस्त करतात."

एसटी स्टँडवर काचेच्या खोलीत एक कंट्रोलर बसलेला असतो बघा. गाडी कुठलीही असो, ड्रायव्हर कितीही जुना असो, कंट्रोलरकडं नोंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. कॉम्प्युटरच्या जाळ्यातही तसाच एक मुख्य कॉम्प्युटर असतो, सर्व्हर किंवा कंट्रोलर म्हणतात त्याला. तुम्ही कुठल्याही मशीनवर बसून नाव आणि पासवर्ड टाकला की ते मशीन सर्व्हरला विचारतं, "हा माणूस आपला का?" सर्व्हर हाव म्हणाला तर तुम्ही आत, न्हाई म्हणाला तर बाहेर. एवढंच. बाकी या "हाव-न्हाई"च्या मधे जे काही होतं, ते निस्तरण्यात माझी जिंदगी गेली.

मी मूळचा नांदेडकडचा, विष्णुपुरीच्या अलीकडचा. भूकंप झाला तेव्हा लातूरकडं मदतीच्या ट्रकमधे बसून आलो होतो, तंबू उतरवायला. एका ट्रकमधून ब्लँकेटांखाली दोन कॉम्प्युटर निघाले. कुणी पाठवले, कशाला पाठवले, कुणालाच पत्ता नाही. साहेबानं विचारलं, "हे कुणाला येतं?" सगळे पुन्हा तंबू उतरवायला लागले. मला मराठी टायपिंग येत होतं, म्हणून मी हात वर केला. वर गेलेला तो हात निवृत्त होईपर्यंत खाली आलाच नाही. पुढं माझी ख्याती एवढी झाली, की उदगीरहून एका गृहस्थानं म्हैस दूध देईना म्हणून मला फोन केला होता. मी विचारलं, "बंद करून चालू केली का?"

मग आली क्लासांची लाट. लातुरात घरमालकानं गोठ्याला पंखा लावला की दुसऱ्या दिवशी त्यात दोन बारावीवाले राहायला यायचे. सोनटक्के सरांचा क्लास त्याच लाटेत वाढला. मुलं एवढी झाली की नवी इमारत पाहिजे होती, पण सरांनी भूकंपाच्या पहाटे डोळ्यादेखत जे बघितलं होतं, त्यानंतर स्लॅबखाली पोरं बसवायला ते तयार नव्हते. आम्ही कुणीच त्यांना त्यावर काही बोलायचो नाही. म्हणून ही पत्र्याची शेड. उन्हाळ्यात तिच्यात सीडी पापडासारख्या वळायच्या. पण सर म्हणायचे, "वळू द्या. डोक्यावर पडला तर पत्राच पडंल."

त्या शेडमधे कॉम्प्युटरवर परीक्षा घ्यायची टूम सरांनी काढली. पहिल्याच वर्षी क्लासचा जो मुलगा सगळ्यात वर आला, तो सगळ्या चाचण्यांना पहिल्या ओळीतल्या पहिल्या मशीनवर बसला होता. त्या मशीनचं नाव जाळ्यामधे 'झीरो वन' असं दिलेलं होतं. मीच दिलं होतं, सरळ क्रमानं. पण सरांनी हौसेनं पोराचा फोटो भिंतीवर लावला आणि खाली मशीनचं नावही रंगवून घेतलं. झालं! दुसऱ्या वर्षीपासून ॲडमिशनला येणारी प्रत्येक आई आधी विचारायची, "आमच्या बाळाला झीरो वन मिळंल का?" आणि मशीनवर नुसती नावाची चिकटपट्टी लावून भागेना, कारण परीक्षा संपली की मार्कांचा जो कागद निघायचा, त्यावर वरच्या कोपऱ्यात मशीनचं खरं नाव छापून यायचं. ते कागद देवघरात ठेवणाऱ्या आया मी बघितल्यात.

असो. त्या रविवारच्या आधी महिनाभर मला या शेडनं वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. सोमवारी पहिल्या ओळीतलं मशीन आत घेईना. त्यावरचा उपाय ठरलेला. मशीनला जाळ्यातून बाहेर काढायचं, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा जाळ्यात घालायचं. केलं. चाललं. मी चहाला गेलो. परत येतो तर तिसऱ्या ओळीतलं एक मशीन बंद. त्याला बाहेर काढलं, आत घातलं. चाललं. तर पहिल्या ओळीतलं पुन्हा बंद! मी वायरी बदलल्या. सॉकेट बदलले. सर्व्हरवर व्हायरस शोधला. सरांच्या सौभाग्यवतींनी लिंबू बांधलं, तर दोन दिवस सगळं सुरळीत. त्यांचा मान वाढला, माझा गेला.

भरीस भर म्हणजे शेड सांभाळणारे व्यंकटमामा. निलंग्याकडचा माणूस, जुना पैलवान, मन लोण्याचं. ते एकदा येऊन मला म्हणाले, "साहेब, एक गंमत सांगू? बंद पडलेल्या मशीनची वायर काढली की ते पोराला आत घेतंय. वायर लावली की घेत न्हाई."

"मामा, तुम्हाला ऊन लागलं."

"चला, दाखवतो."

गेलो. खरंच की! वायर काढली, घेतलं. वायर लावली, नाही घेतलं. मी तिथंच खाली बसलो. त्याचं कारण पुस्तकात आहे. वायर नसली की मशीन जुनी ओळख आठवून स्वतःच्या जबाबदारीवर माणसाला आत घेतं. ते मला तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी ते आठवलं नाही. पंधरा वर्षं कॉम्प्युटर हाताळलेला माणूस वायर हातात धरून पैलवानासमोर बसला होता, आणि पैलवान मला पाणी देत होता.

तर अशा गोंधळात तो रविवार उजाडला. रविवार साधा नव्हता. त्या दिवशीच्या पेपरवरून स्पेशल बॅच ठरायची होती. स्पेशल बॅचमधे आलेलं पोरगं म्हणजे डॉक्टर झाल्यातच जमा, अशी सगळ्या मराठवाड्याची समजूत.

खिडकीपाशी खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. माधवराव, हदगावचे एसटी ड्रायव्हर. त्यांची मुलगी वैशाली आत शेवटच्या ओळीत बसली होती. माधवरावांच्या पायाशी एक पत्र्याची पेटी, वर दोरीनं बांधलेली वळकटी.

"कुणाचं सामान हो?" मी जाता जाता विचारलं.

"पोरीचं. घरात तसं ठरलंय साहेब. स्पेशल बॅचमधे लागली तर पेटी पुन्हा हॉस्टेलवर. न्हाई लागली तर दुपारच्या गाडीनं हदगाव. उगं एका पोरीला परगावी ठेवायचं तर काही कारण पाहिजे ना. तिच्या आईनं गावातल्या कॉलेजात बोलून ठेवलंय." मग ते जरा जवळ आले. "आमच्या खानदानात कुणी डॉक्टर न्हाई साहेब. ड्रायव्हर लई हायत. तुमचा कंट्रोलर कधी येणार?"

"येतोय."

"आमच्या स्टँडवर बी कंट्रोलर जाग्यावर नसला की अशीच बोंब असती."

एवढाच एक माणूस मला त्या दिवशी शहाणा भेटला.

आत चार मशीनं आळीपाळीनं हटून बसत होती. चारही मशीनांची कथा तीच, की कंट्रोलर डाऊन तरी आहे नाहीतर तुमचं खातं तरी नाही. आणि शेवटच्या ओळीत वैशालीचं पाचवं. मी या मशीनवरून त्या मशीनवर असा पळत होतो की सर मला म्हणाले, "काळे, एका जागी उभे राहा, मला भोवळ येऊन राहिली." मी एकाला बाहेर काढून आत घातलं, ते चाललं. टाळ्या पडल्या. तोवर शेजारचं चाललेलं बंद पडलं. त्याची आई खिडकीतून ओरडली, "आमचंच बरं बंद करता हो! त्यांनी डबा दिला म्हणून त्यांचं आधी का?"

सरांचा तोल गेला. त्यांनी रागानं शेडच्या भिंतीवर मूठ मारली. भिंतही पत्र्याची. ती धडाडली, तिच्या जोडीनं सगळं छप्पर थडथडलं, अन् कुणीतरी ओरडलं, "हाललं!"

बाहेरगावच्या वाचकांना सांगतो, लातुरात हा शब्द उच्चारला की त्यानंतर चर्चा होत नाही. पोरं, मास्तर, व्यंकटमामा, खुद्द मूठ मारणारे सर, सगळे मोकळ्या मैदानात. मीही. माझी एक चप्पल आत राहिली. जमीन काही हाललेली नव्हती, हे सगळ्यांना दोन मिनिटात कळलं, पण बाहेर पडलेला माणूस लगेच आत जात नाही. आधी आपली माणसं मोजतो. आया आपापल्या पोरांना कवटाळून उभ्या होत्या. आणि भीती ओसरायला लागली की बाई बोलायला लागते.

"नशीब बघा," पहिली आई म्हणाली. "एवढी झीरो वन मिळाली पोराला, आणि आजच हे."

"झीरो वन तर आमच्या पिंकीला हाय," दुसरी म्हणाली.

"काहीतरीच! मामांनी आमच्यासमोर दिली. नाव दाखवलं पडद्यावर," तिसरी म्हणाली.

"आम्हाला बी पडद्यावरच दाखवलं की!"

"थांबा थांबा," चौथी पुढं आली. "मग आमच्या सुमितला काय दिली?"

मी व्यंकटमामांकडं बघितलं. पैलवान माणूस, पण एका पोराच्या मागं लपायचा प्रयत्न करत होता.

"मामा?"

"काय करू साहेब," मामा म्हणाले. "एकेक माऊली येते, डोळ्यात पाणी आणते. न्हाई म्हणवत न्हाई. तुम्ही करता तसंच केलं. बाहेर काढलं, नाव बदललं, आत घातलं. पासवर्ड विचारला तर सरांच्या गाडीचा नंबर टाकला."

सर्व्हरचा मुख्य पासवर्ड सरांच्या गाडीचा नंबर आहे हे गुपित होतं. म्हणजे सर, मी, मामा, चहावाला आणि गाडी धुणारा एवढ्यांनाच माहीत होतं.

आता बघा काय झालं होतं ते. माणसाला पासवर्ड असतो तसा मशीनलाही असतो. सर्व्हर आणि मशीन आपसात एक खूण ठरवतात, ती आपल्याला दिसत नाही. 'झीरो वन' नावाचं मशीन जाळ्यात आलं की सर्व्हर त्याच्याशी नवी खूण ठरवतो आणि जुनी विसरतो. मामांनी दुसरं मशीन त्याच नावानं आत घातलं, की पहिल्याची खूण शिळी. तिसरं घातलं की दुसऱ्याची शिळी. म्हणजे चौघांत कुठल्याही क्षणी एकच खरं, आणि मी एकेकाला दुरुस्त करत होतो तेव्हा खरं तर बाकीच्यांना हाकलत होतो. महिनाभर! लिंबू बांधलं त्या दोन दिवसांत मी रजेवर होतो, अन् मामा वायरी काढून पोरांना आत घेत होते.

मी आत गेलो. मामांना शेजारी उभं केलं. चारपैकी तिघांची नावं बदलायची होती. पण तिन्ही आया दारात उभ्या. आमची झीरो वन काढली तर याद राखा! मी म्हटलं, काढतो कशाला? आणि नावं दिली 'झीरो वन ए', 'झीरो वन बी', 'झीरो वन सी'. सर्व्हरला चार वेगळी नावं मिळाली, आयांना झीरो वन मिळाली. मग 'ए' कुणाची यावर भांडण लागलं, पण ते सरांच्या खात्यात.

चारही पोरं आत गेली. पेपर ज्याचा त्यानं उघडला की तिथून त्याची वेळ धरायची अशी सोय होती, त्यामुळं कुणाचं नुकसान नाही. मी घाम पुसून मिशीवरून हात फिरवतो, तेवढ्यात मागून आवाज. "काका, माझं न्हाई झालं."

वैशाली. दोन वेण्या, मांडीवर हात, डोळ्यात टिपूस नाही. मोठी धीराची पोर, मला वाटलं.

पण तिचं मशीन त्या चारांतलं नव्हतंच! तिच्या पडद्यावरचं वाक्यही वेगळं होतं. सगळ्या गदारोळात मी ते वाचलंच नव्हतं. खातं लॉक झालंय, असं ते म्हणत होतं. पोरं एकमेकांचे पासवर्ड ओळखून खोड्या काढायची, म्हणून सरांनीच माझ्याकडून करून घेतलं होतं, तीनदा पासवर्ड चुकला की खातं बंद. उघडायचं तर केबिनमधे जाऊन सर्व्हरवरूनच.

गेलो, उघडलं, आलो. "टाक बाळा आता. सावकाश."

ती टाकायला लागली, मी खिडकीत माधवरावांना 'होतंय' अशी खूण केली. वळून बघतो तर लॉक!

पुन्हा केबिन, पुन्हा शेड. पुन्हा लॉक. कीबोर्ड बदलला. लॉक. ती टाकताना मी मुद्दाम पडद्याकडं टक लावून बघितलं, पण पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांमागं काय चाललंय ते कुणाला कळणार? मला शंका आली की दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवरून कुणी तिचं खातं बंद पाडतंय. मी ओळीओळीनं फिरून पोरांच्या बोटांकडं संशयानं बघू लागलो. एक पोरगं घाबरून बरोबर उत्तर खोडून बसलं.

"काळे, सोडा आता," सर म्हणाले. "एका पोरीपायी किती? राहू द्या."

खिडकीत माधवरावांनी ते ऐकलं. वाकून पेटीची दोरी घट्ट करायला लागले. ड्रायव्हर माणूस, गाडीची वेळ बघणारा. ते वाकणं मला बघवलं नाही. मी सरांना म्हटलं, "सर, आज या पोरीला मी आत घालणार. न्हाई घातली तर उद्यापासून खरंच टीव्ही दुरुस्त करीन."

केबिनमधे गेलो. खातं उघडलं. तिचा जुना पासवर्डच काढून टाकला, नवा दिला. धावत शेडमधे आलो. ती कीबोर्डकडं हात न्यायला लागली.

"हात नको लावू. मी टाकतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी माझ्या बोटांनी टाकला आणि बटण दाबलं. पडदा निळा झाला, मग पेपर उघडला. मी असा ओरडलो की गोलाईतली कबुतरं दुसऱ्यांदा उडाली. माधवरावांनी खिडकीच्या गजातून आत हात घातला आणि माझा हात हातात घेऊन नुसता हलवत राहिले. पोरीनं पेपर सोडवायला सुरुवात केली. सोडवल्यावाचून ती राहणारच नव्हती. हुशार होती, आणि प्रश्न समोर आला की हुशार पोरांचा हात थांबत नाही.

स्पेशल बॅच लागली. वैशालीचं नाव त्यात होतं, खालून नव्हे, चांगलं मधोमध. पेटी पुन्हा हॉस्टेलवर गेली. माधवराव पेढे घेऊन आले. सरांना एक, मामांना एक, मला दोन. "साहेब, तुम्ही नसता तर पोरगी आज गावाकडं असती," असं म्हणून सरांच्या पाया पडायला केबिनमधे गेले.

बाहेर मी आणि ती दोघंच उरलो. मी पेढा खात होतो. छाती एवढी फुगलेली, की शर्टाचं वरचं बटण ताणलं होतं. पण एक खडा टोचत होता. चार मशीनांचं कोडं सुटलं होतं, हिच्या खात्याचं काही केल्या सुटत नव्हतं. कीबोर्ड चांगला, मशीन चांगलं, वायर चांगली, दुसरं कुणी खोडी काढत नव्हतं हेही मी सर्व्हरवर तपासलं होतं. मग पुन्हा पुन्हा लॉक कसं?

"वैशाली," मी विचारलं, "तू पासवर्ड विसरली होतीस का गं?"

"न्हाई काका. पाठ होता."

"मग?"

तिनं हातातल्या पेढ्याचा कागद उघडला, पुन्हा मिटला.

"बरोबर टाकला असता तर पेपर द्यावा लागला असता."